नाशिकच्या अंबडमधल्या प्रेस शॉपच्या सेफ्टीच्या नोंदी

४ जानेवारी २०२४, गुरुवार

साहेबांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. कस्टमरचं पत्र आलंय, डिसेंबरच्या आत आयएसओ ४५००१ (कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचं आणि आरोग्याचं स्टँडर्ड) पाहिजे, आणि ९००१ (क्वालिटीचं) तुम्ही सांभाळताच आहात तर मॅडम हेही तुम्हीच बघा. मी हो म्हणाले. घरी आल्यावर स्टँडर्ड काढून बसले. हे २०१८ च्या मार्चमध्ये आलं, त्याआधी ओएचएसएएस १८००१ होतं. कलमांची मांडणी ९००१ सारखीच, १० कलमं, त्यामुळे कागद जमवायला मला अडचण नाही. पण ५.४ दोनदा वाचलं. कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग. सहभाग म्हणजे नुसतं सांगायचं नाही, धोका ओळखण्यापासून उपाय ठरवण्यापर्यंत जो मशीनवर उभा आहे त्याला बरोबर घ्यायचं. हे आमच्याकडे अजिबात नाही.

आमचं काय आहे ते एकदा लिहून ठेवते. १४ पावर प्रेस (पत्रा दाबून कापणारी, वाकवणारी मशीन), ३० टनापासून १५० टनापर्यंत, त्यातले ९ जुने पिन क्लचचे आणि ५ न्यूमॅटिक क्लचचे (क्लच म्हणजे फिरतं चाक प्रेसला जोडणारा भाग; न्यूमॅटिक हवेच्या दाबावर चालतो, तो मधेच थांबवता येतो). शिअरिंग (पत्रा कापणं), थोडं ड्रिलिंग, पावडर कोटिंग आणि त्याची टाक्यांची लाईन, मागे छोटा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट). माणसं १४८, त्यातली ९६ ठेकेदाराची.

११ जानेवारी

कपाटात एक जुनी सेफ्टीची फाईल सापडली, कुणीतरी तयार आणून ठेवलेली. त्यात टॉवर क्रेनचं रिस्क असेसमेंट आहे, आमच्याकडे टॉवर क्रेन नाही. आणि पावर प्रेसपुढे एकच ओळ, "ऑपरेटरने हँडग्लोव्हज घालावेत". १०० टनाचा प्रेस खाली येतोय आणि आपण हातमोज्याबद्दल बोलतोय, वाचून खरंच वाईट वाटलं. फाईल बाजूला ठेवली, त्यातलं काहीच वापरणार नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज जे सापडलं ते नीट लिहून ठेवते कारण मला वाटतं सगळं काम इथूनच सुरू होणार आहे.

ॲक्सिडेंट रजिस्टर बघितलं. डिसेंबरमध्ये २ नोंदी. पूर्ण २०२३ मध्ये ३ किरकोळ सोडल्या तर काही नाही, म्हणजे रजिस्टरप्रमाणे आमची कंपनी एकदम सुरक्षित. मग सहज म्हणून स्टोअरमध्ये गेले आणि स्टोअरवाल्या भाऊंकडून फर्स्ट एड बॉक्सचं इश्यू रजिस्टर मागितलं. डिसेंबरमध्ये पट्ट्या गेल्यात ६४, गॉजचे रोल ११, कापूस वेगळाच. ६४ पट्ट्या आणि २ जखमा? थोड्या घरी गेल्या असतील, कुणी पायाला बूट चावला म्हणून लावली असेल, ते धरलं तरी हिशोब बसत नाही. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, पट्टी मागायला येतात, नाव लिहायचं म्हटलं की नको म्हणतात, मग मी नुसतं शॉपच्या नावावर टाकतो."

नंतर शॉपमधून एक चक्कर मारली आणि आज पहिल्यांदा लोकांच्या हातांकडे बघितलं. सहा वर्षं मी पार्ट बघत आले, हात बघितले नव्हते. शिअरिंगच्या लाईनवर उभ्या असलेल्या ११ जणांपैकी ७ जणांच्या बोटाला काही ना काही बांधलेलं होतं, कुणाच्या पट्टी, कुणाच्या चिंधी, एकाने तर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली.

२ फेब्रुवारी

दोन आठवडे चहाच्या सुट्टीत शॉपमध्येच बसते. पहिले तीन-चार दिवस कुणी बोललं नाही. मग मामांनी सुरुवात केली (प्रेस शॉपमधले सगळ्यात जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही).

कारणं दोन निघाली. पहिलं म्हणजे झिरो ॲक्सिडेंट बोनस. महिन्यात एकही अपघात लिहिला गेला नाही तर त्या लाईनच्या प्रत्येकाला ५०० रुपये. चांगल्या हेतूने सुरू केलेली गोष्ट आहे हे मला माहितीये, पण शेवटी होतं काय की एकाचं बोट कापलं तर बाकी १२ जणांचे ५०० जातात, मग तेच त्याला म्हणतात गप बस, बांध आणि चल. दुसरं कारण ठेकेदाराच्या पोरांचं. पेठ, सुरगाण्याकडची पोरं आहेत, काही बिहार-यूपीची, त्यांना भीती अशी की जखम लिहिली की दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतील आणि हजेरी बुडेल. एकाने सांगितलं की त्याच्या मित्राचं असंच झालं होतं. खरं खोटं मी तपासू शकत नाही, पण भीती खरी आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

मामा उठताना म्हणाले, "मॅडम, बोट गेल्यावर सगळे येतात. खरचटलं तेव्हा कुणी येत नाही."

१२ फेब्रुवारी

बोनस बंद करायचा प्रस्ताव दिला. साहेब तयार नाहीत. लोक नाराज होतील म्हणाले. मी ६४ आणि २ असे दोन आकडे कागदावर लिहून टेबलावर ठेवले. साहेब बराच वेळ बघत राहिले. शेवटी ठरलं की ५०० रुपये कुणाचे कापायचे नाहीत, ते हजेरी बोनसमध्ये मिळवून टाकायचे, अपघाताशी संबंध तोडायचा. आणि ठेकेदाराच्या करारात एक ओळ वाढवायची, जखम नोंदवली म्हणून कुणाला कामावरून थांबवायचं नाही, थांबवलं तर त्या दिवसाची हजेरी ठेकेदाराकडून वसूल. ठेकेदार कुरकुरला पण सही केली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

हायराचं (धोके ओळखून जोखीम ठरवायचं) काम सुरू. धोका कोणता, होऊ शकतं काय, शक्यता किती, परिणाम किती, ५ गुणिले ५ चा तक्ता. टीममध्ये मी, मेंटेनन्सचा इंजिनिअर, डाय सेटर (प्रेसमध्ये डाय म्हणजे साचा बसवणारा), मामा आणि ठेकेदाराकडचा एक पोरगा. तो पहिल्या दिवशी खुर्चीवर बसायलाच तयार नव्हता.

आज फक्त प्रेस. पिन क्लच प्रेसचं दुखणं असं आहे की एकदा पायडल दाबलं आणि पिन फ्लायव्हीलमध्ये (जड फिरत्या चाकात) अडकली की रॅम (वरून खाली येणारा भाग) पूर्ण फेरा करूनच थांबतो, मधे थांबवता येत नाही. वीज बंद करा, लाल बटण दाबा, काही उपयोग नाही, फ्लायव्हील फिरतंय तोपर्यंत तो खाली येणारच. म्हणजे या मशीनला समोर लाइट कर्टन (किरणांचा पडदा, हात आला की मशीन थांबवणारा) लावला तरी तो हात बघेल आणि काही करू शकणार नाही. हे मी मुद्दाम ठळक लिहिते कारण दोन व्हेंडर येऊन गेले आणि दोघेही पिन क्लचवर कर्टन विकायला तयार होते. त्यापेक्षा वाईट म्हणजे डबल स्ट्रोक. पिन झिजली, स्प्रिंग मऊ झाली की एकदा पायडल मारून प्रेस दोनदा खाली येतो, आणि नेमकं दुसऱ्या वेळेला माणूस पार्ट काढायला हात घालून बसलेला असतो.

स्टँडर्डमधला उपायांचा क्रम (८.१.२) मी फळ्यावर लिहिला: धोकाच काढून टाका, नाहीतर बदला, नाहीतर मशीनमध्ये बदल करा, नाहीतर कामाची पद्धत आणि ट्रेनिंग, आणि अगदी शेवटी पीपीई (हातमोजे, चष्मा वगैरे). मामा म्हणाले, "म्हणजे हात आत जायलाच नको असं करा." एवढंच आम्ही हायराच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

ठरलं ते असं. ९ पैकी ५ पिन क्लच प्रेसवर पत्र्याच्या पट्टीतून ब्लँकिंग (तुकडे म्हणजे ब्लँक कापणं) होतं, पट्टी एका बाजूने सरकवायची असते, हात आत नेण्याचं कारणच नाही, तिथे डायभोवती कायमचा जाळीचा पिंजरा, बोल्टने बसवलेला, स्पॅनरशिवाय निघणार नाही असा. फट किती ठेवायची त्याचंही गणित आहे, १२ मिमीची फट असेल तर डाय फटीपासून कमीत कमी १०० मिमी आत पाहिजे, नाहीतर बोट पोचतं. उरलेल्या ४ वर एकेक पार्ट हाताने ठेवायचं काम आहे, खरी जोखीम तिथे. दोनला न्यूमॅटिक क्लच बसवायचा, खर्च मोठा आहे, बजेटमध्ये मागितलाय. बाकी दोनला सरकता ट्रे, पार्ट बाहेर ठेवायचा आणि ट्रे आत ढकलायचा. तोपर्यंत चिमटा, सक्तीने. पायडलवर सगळीकडे टोपी, म्हणजे वरून काही पडून किंवा चुकून पाय पडून मारला जाणार नाही.

४ मार्च, सोमवार

राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ मध्ये याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली होती. दरवर्षी आपण शपथ घेतो, पोस्टर स्पर्धा होते, बक्षीस देतो. शपथ यंदाही घेतली, मराठीत आणि हिंदीत. पण यंदा त्यानंतर फर्स्ट एड बॉक्सचं कुलूप काढलं. आतापर्यंत चावी सुपरवायझरकडे असायची. आता बॉक्स उघडा, बाजूला दोरीला पेन्सिल आणि एक कागद: तारीख, मशीन नंबर, कुठे लागलं, कशाने. नाव लिहायचं तर लिहा. कायद्याने १५० माणसांमागे एक बॉक्स लागतो, आम्ही चार लावले कारण शॉप लांबलचक आहे आणि रक्त येणारं बोट धरून माणूस १०० मीटर चालणार नाही, चिंधी बांधेल.

२७ मार्च

येत्या शनिवारी रंगपंचमी, अर्धा शॉप रहाडीच्या (रंगाच्या पाण्याच्या हौदाच्या) गप्पांत आहे, जुन्या नाशिकातली पोरं सगळ्यांना बोलावतायत. पण आज माझ्या हातात पहिल्या तीन आठवड्यांचे कागद आलेत आणि मला दुसरं काही सुचत नाहीये. ३८ नोंदी.

मी समजत होते प्रेसवर जास्त असतील. नाही. ३८ पैकी २९ जखमा प्रेसमधून निघालेले ब्लँक उचलून रचताना आणि शिअरिंगचे तुकडे गोळा करताना झाल्यात, कडेच्या बरने (कापताना कडेला उभ्या राहिलेल्या धारेने). आणि त्यातही निम्म्याहून जास्त ४ नंबर प्रेसच्या ब्लँकने. डाय सेटरला घेऊन गेले, ब्लँक हातात घेतला, बर मोजला तर २ मिमीच्या शीटला अर्ध्या मिमीच्या आसपास. पंचची (वरून कापणाऱ्या भागाची) धार गेली, की क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) वाढला, की मटेरियल कापलं न जाता ओढलं जातं आणि कडेला पात्यासारखी धार उभी राहते. ग्राइंडिंगला पंच कधी काढायचा तर "कस्टमरची कंप्लेंट आली की", असं उत्तर मिळालं. म्हणजे कस्टमरकडे पार्ट पोचेपर्यंत आमच्याच पोरांची बोटं बरचं इन्स्पेक्शन करत होती.

आजपासून नियम: बर जाडीच्या १० टक्क्यांवर गेला की पंच ग्राइंडिंगला, म्हणजे २ मिमीला ०.२. दर शिफ्टला पहिला आणि शेवटचा ब्लँक मोजायचा. कट रेझिस्टन्ट ग्लोव्हज पण मागवलेत, रचणाऱ्यांसाठी. पण ते दुसरं, आधी धार. आणि हो, ड्रिलिंग मशीनवरचं "ग्लोव्हज सक्तीचे" पोस्टर आज मी स्वतः काढलं. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजा अडकला तर अख्खा हात ओढतो, तिथे हातमोजे घालायचेच नसतात. सगळ्या मशीनवर एकच पोस्टर चिकटवून मोकळं व्हायची ही सवय माणूस मारू शकते.

१८ एप्रिल

पत्र्याखाली दुपारी ३ ला थर्मामीटर ४१ दाखवतोय. नाशिक थंड हवेचं म्हणतात ते लोक बहुतेक प्रेस शॉपमध्ये एप्रिलमध्ये आलेले नाहीत. फेब्रुवारीत आयएसओने ४५००१ सकट बऱ्याच मॅनेजमेंट स्टँडर्डना एक छोटी दुरुस्ती जोडलीये, क्लायमेट चेंज तुमच्या संस्थेला लागू आहे का ते ठरवा म्हणून. बरेच जण "लागू नाही" लिहून सोडून देतील. आम्ही लागू आहे लिहिलं आणि कारण म्हणून कागदाच्या नोंदी लावल्या, दुपारी २ ते ४ मध्ये जखमा सकाळपेक्षा जास्त आहेत. घामाने हातमोजे ओले, चिमटा निसटतो, लक्ष उडतं. छतावर टर्बो व्हेंटिलेटर मंजूर, पाण्याचे जार मशीनजवळ, दुपारी ताक. ताकाला साहेबांनी एका मिनिटात हो म्हटलं.

१४ मे, मंगळवार

न्यूमॅटिक प्रेसचे लाइट कर्टन आले. व्हेंडरच्या माणसाने ब्रॅकेट जिथे बसतो तिथे, डायपासून १५० मिमीवर बसवायला घेतलं. थांबवलं. म्हटलं आधी प्रेस थांबायला किती वेळ लागतो ते मोजा. मोजला, कर्टनचा स्वतःचा वेळ धरून ०.२२ सेकंद. हाताचा वेग गणितात सेकंदाला २००० मिमी धरतात. २००० गुणिले ०.२२ म्हणजे ४४० मिमी. १४ मिमीचं रिझोल्युशन (कर्टन ओळखू शकतो ती सगळ्यात बारीक वस्तू) असल्याने वरून काही मिळवायचं नाही. म्हणजे १५० मिमीवर लावला असता तर किरण तुटल्यावर हात डायमध्ये पोचला असता आणि मगच प्रेस थांबला असता. माणसाला मात्र वाटलं असतं की कर्टन आहे, आपण सेफ आहोत. त्यापेक्षा नसलेला बरा.

४४० वर बसवला. बाजू जाळीने बंद. मग नवीन प्रश्न, ऑपरेटरला आता पार्ट ठेवायला वाकावं लागतं, संध्याकाळपर्यंत पाठ जाते. उत्पादनही घसरलं, प्रॉडक्शनवाल्यांचा दोन दिवस फोनवर फोन. यावर उपाय मामांनी काढला. स्क्रॅपमधल्या पट्ट्यांचा उतरता च्यूट, पार्ट कर्टनच्या बाहेरून सोडला की घसरत लोकेटरला जाऊन बसतो, तयार झालेला मागून हवेच्या फुंकरीने बाहेर. तीन दिवसांत जुळवला. आकडा परत आला, पाठही वाचली.

११ जून

मॉक ड्रिल. सायरन वाजला, ऑफिस आणि पॅकिंग ३ मिनिटांत बाहेर, प्रेस शॉपमधून कुणीच आलं नाही. मला आधी राग आला, आत गेले तर सगळे काम करतायत, ऐकूच आलं नाही त्यांना. आवाज मोजला, ९६ डेसिबल, वर कानात प्लग. ८ तासांसाठी मर्यादा ९० ची आहे म्हणून प्लग आम्हीच दिलेत. आता शॉपमध्ये सायरनबरोबर फिरते लाल दिवे, चार ठिकाणी. असेंब्ली पॉइंटही हलवायचा, आत्ताचा ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला लागून आहे.

दुपारी फर्स्ट एडच्या १२ जणांचं ट्रेनिंग. तुटलेलं बोट कसं न्यायचं हे मी मुद्दाम घ्यायला लावलं. स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, पेशी मरतात. निम्म्या लोकांना उलटंच माहीत होतं. १०८ चा नंबर प्रत्येक बॉक्सवर लिहिला.

९ जुलै

ईटीपीची टाकी साफ करायला बाहेरचे दोन जण आले, शिडी लावून उतरायच्या बेतात, ना गॅस मीटर ना दोर. परत पाठवलं. टाकीत गाळ कुजून हायड्रोजन सल्फाइड होतो, सुरुवातीला वास येतो पण प्रमाण वाढलं की नाक मरतं आणि वासच कळत नाही. आणि अशा ठिकाणी पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. फॅक्टरी ॲक्टचं कलम ३६ यासाठीच आहे. आता परमिटशिवाय झाकण उघडायचं नाही: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, ब्लोअर चालू, अंगावर हार्नेस, वर एक माणूस कायम. झाकणाला कुलूप, चावी माझ्याकडे.

८ ऑगस्ट, गुरुवार

हात अजून थरथरतोय लिहिताना.

सकाळी १०:२० ला ७ नंबरवर डबल स्ट्रोक झाला. पेठकडचा पोरगा, बावीस वर्षांचा, पार्ट काढायला चिमटा घातला आणि प्रेस पायडल न दाबता दुसऱ्यांदा खाली आला. चिमट्याचं टोक चपटं झालं, पत्र्यासारखं. बोटं चिमट्याच्या दांड्यावर, डायच्या बाहेर. त्याला काहीही झालं नाही.

आणि मग त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. मेन स्विच बंद केला, फ्लायव्हील थांबेपर्यंत समोर कुणाला येऊ दिलं नाही, आणि चालत माझ्याकडे आला चिमटा घेऊन. "मॅडम, याला लिहा." फेब्रुवारीत हाच पोरगा हायराच्या मीटिंगमध्ये खुर्चीवर बसत नव्हता.

या ७ नंबरलाच न्यूमॅटिक क्लच बसवायचा होता, मे महिन्यात पीओ (परचेस ऑर्डर) निघणार होता, तो बजेटच्या पुढच्या तिमाहीत ढकलला गेला. मी ते मान्य केलं होतं. तेव्हा भांडायला हवं होतं.

९ ऑगस्ट

क्लच उघडला. पिनची स्प्रिंग थकलेली, स्टॉपची कड झिजून गोल. आणि मेंटेनन्सच्या चेकलिस्टवर २५ जुलैला दोन्हीपुढे बरोबरची खूण. का का विचारत गेलो: खूण केली कारण बाहेरून ठीक दिसलं, उघडलं नाही कारण उघडायला दोन तास लागतात, दोन तास मिळाले नाहीत कारण प्रॉडक्शन मशीन सोडत नव्हतं, सोडत नव्हतं कारण प्लॅनमध्ये मेंटेनन्सचे तास धरलेलेच नाहीत. खूण करणाऱ्या माणसावर कारवाई नको असं मी लेखी दिलं. तो एकटा नाही, तिथे कुणीही असता तरी हेच केलं असतं. आजपासून क्लचची तपासणी प्लॅनिंगमध्येच, मशीन त्या दिवशी लोडच होणार नाही. स्प्रिंग स्ट्रोकच्या मोजणीवर बदलायची, तुटायची वाट बघायची नाही. नऊच्या नऊ पिन क्लच उघडले, आणखी दोनमध्ये स्प्रिंग मऊ निघाली.

पीओ संध्याकाळी ५ ला निघाला. दोन्ही क्लचचा.

चपटा चिमटा मामांनी शॉपच्या बोर्डावर खिळ्याला टांगलाय.

१८ सप्टेंबर

इंटर्नल ऑडिट. मी माझंच काम तपासू शकत नाही म्हणून स्टोअर आणि परचेसच्या दोघांना ट्रेनिंग देऊन पाठवलं. क्रेनच्या दोन चेनचं वार्षिक टेस्टिंग महिनाभर उलटून गेलंय, ते मला दिसलं नव्हतं. चेन आज बाजूला काढल्या.

११ ऑक्टोबर

उद्या दसरा आणि शनिवारची सुट्टी, म्हणून यंत्रपूजा आजच. मशीन लॉक करून, चावी डाय सेटरच्या खिशात, मगच झेंडूची माळ. ७ नंबरवर नवीन क्लच बसलाय, त्याचा नारळ त्या पेठच्या पोराने फोडला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मॅनेजमेंट रिव्ह्यू. मला याचीच काळजी होती. साहेबांनी पहिल्याच स्लाइडला विचारलं, "गेल्या वर्षी ३ जखमा, यंदा नऊ महिन्यांत २१७. आपण सुधारलो की बिघडलो?"

मी सांगितलं की वाढल्यात त्या नोंदी. पट्ट्या मोजून बघा. मार्चमध्ये महिन्याला ६० च्या वर जात होत्या, सप्टेंबरमध्ये २६ गेल्या आणि कागदावर २३ आहेत. कस्टमर जो फ्रिक्वेन्सी रेट मागतो तो १० लाख मनुष्यतासांमागे रजेचे अपघात. आपले वर्षाचे तास साधारण ३ लाख ७० हजार. म्हणजे वर्षात एक अपघात झाला तर रेट २.७, नाही झाला तर शून्य, मधे काहीच नाही. या आकड्याने आपल्याएवढ्या कंपनीला काही कळत नाही, ८ ऑगस्टला आपला रेट शून्य होता आणि शून्यच राहिला. म्हणून मी दर महिन्याला दुसरे आकडे दाखवणार: पट्ट्या आणि नोंदी यातला फरक, निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) किती आले, त्यातले किती दिवसांत बंद झाले, आणि क्लच तपासणी ठरल्या दिवशी झाली की पुढे ढकलली.

बर कमी झाल्याने रिजेक्शनही उतरलंय, तो आकडा शेवटी दाखवला. फायद्यासाठी हे करायचं असतं असं कुणाला वाटू नये म्हणून शेवटी. पण साहेबांनी वही काढून लिहिलं ते चिमट्याचं, तो बोर्डावरून काढायचा नाही म्हणाले.

२६ नोव्हेंबर

सर्टिफिकेटच्या ऑडिटचं स्टेज वन झालं. कागदांत दोन-तीन दुरुस्त्या, ठेकेदाराच्या मूल्यमापनाचे निकष नीट लिहा वगैरे. होईल.

१७ डिसेंबर, मंगळवार

स्टेज टू, पहिला दिवस. ऑडिटरबाई चांगल्या होत्या, फाईल अर्ध्या तासात मिटली आणि शॉपमध्ये गेल्या. मला लांब थांबायला सांगितलं. ७ नंबरसमोर त्यांनी त्या पोराला विचारलं, जीवाला धोका वाटला तर तू काम थांबवू शकतोस का (७.३ मध्ये हे आहे, माणसाला ते माहीत पाहिजे आणि त्याबद्दल त्याला त्रास होता कामा नये). तो म्हणाला, "थांबवलंय ना. ते बघा तिथं टांगलंय." पुढचं मला ऐकू आलं नाही, प्रेस चालू होता.

१८ डिसेंबर

मेजर त्रुटी काही नाही. मायनर दोन: रात्रीच्या शिफ्टला एकही ड्रिल झालेलं नाही, आणि आवाज मोजायच्या मीटरचं कॅलिब्रेशन संपलेलं. दोन्ही बरोबर आहेत. रात्रीच्या शिफ्टचं जास्त लागलं, कारण ते कागदावरचं नाही, रात्री खरंच आम्ही कुणी तिथे नसतो.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सर्टिफिकेट रिसेप्शनला लागलं, तीन वर्षांचं, दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट. रात्रीचं ड्रिल जानेवारीत झालं. ऑर्डर वाढल्या म्हणून ठेकेदाराची २० नवीन पोरं आलीत, सगळी सी शिफ्टला, म्हणजे रात्रीच्या.

जानेवारीचा हिशोब आज जुळवला. पट्ट्या ५८, नोंदी ४४. डिसेंबरमध्ये फरक २ चा होता, आता १४ चा. ए शिफ्ट जुळते, बी शिफ्ट जुळते. चौदाच्या चौदा सी शिफ्टच्या बॉक्समधून गेल्यात. इंडक्शन झालंय सगळ्यांचं, हिंदीतून, सह्याही आहेत. तरी लिहीत नाहीयेत. मामांना विचारलं, ते म्हणाले त्यांची कुणाशी ओळख नाही अजून, लिहितील कशाला.

उद्या रात्री ११ ला मी आणि मामा दोघं जातोय. चहाची सुट्टी २ वाजता असते.